नानांच्या बाबागाडीत बसलेली वांगी

नाना गेल्याचा फोन अक्कानंच केला. अक्का माझी थोरली बहीण आणि नाना तिचे यजमान. सकाळची वेळ होती, मी धुळ्यात माझ्या स्वयंपाकघरात चहा गाळत होतो. "बापू, नाना गेले रे... झोपेतच," ती म्हणाली आणि मग बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, ती रडत असेल. ती विचार करत होती. "तू लवकर नीघ," ती म्हणाली. "अंगनात सात गाड्या उभ्या आहेत. लोकं आले तं बसतीन कुठी?"

मी सावद्याला पोचलो तेव्हा लोक आले होते आणि खरोखरच त्यांना बसायला जागा नव्हती. तीस-चाळीस माणसं कुंपणाला चिकटून उभी होती, आणि मधल्या सगळ्या अंगणात नानांच्या सात बाबागाड्या ऊन खात होत्या. ढकलून बाजूला करायला एक माणूस पुरला असता, पण कोणी हात लावत नव्हतं. रिकामा पाळणा हलवू नये, हे आपल्याकडे शिकवावं लागत नाही, आणि चाकं लावली म्हणून पाळण्याचा पाळणेपणा जात नाही. त्यात घरात माणूस गेलेला. शेवटी अक्काच दारात आली. तिनं परिस्थिती पाहिली आणि शेजारच्या घरून केळ्यांच्या सात फण्या मागवल्या. एकेका गाडीत एकेक फणी ठेवली गेली, मग सात माणसांनी सात गाड्या ढकलत मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेल्या. सावदा हे केळ्यांचं गाव आहे, पण इतक्या गंभीर चेहऱ्यानं केळी वाहून नेणारी माणसं मी तिथंही पहिल्यांदाच पाहिली. नाना आत पांघरुणाखाली होते. हे त्यांनी पाहिलं असतं, तर तिसऱ्या गाडीचं चाक करकरतंय हे आधी सांगितलं असतं.

नाना वरणगावच्या कारखान्यात फिटर होते. आयुष्यभर शतांश मिलिमीटरमध्ये वावरलेला माणूस. निवृत्तीनंतर असे लोक दोन मार्गांनी जातात, एक भजनी मंडळाचा आणि दुसरा बायकोच्या स्वयंपाकघरात सुधारणा करण्याचा. नानांनी दुसरा धरला आणि आठ दिवसांत अक्कानं त्यांना घराबाहेर काढलं. ते भुसावळला एका रेल्वे बंगल्यातल्या जुन्या सामानाच्या लिलावात गेले. त्यांना लाकडी स्टूल हवं होतं. स्टुलासोबत एक बाबागाडी घ्यावीच लागेल, असं लिलाववाल्यानं सांगितलं. कुठल्याशा गोऱ्या साहेबाच्या मुलाची असावी. सायकलीएवढी चाकं, खाली हादरे झेलायला पोलादी पाट्यांच्या कमानी, वर घडी होणारा टप, आणि सगळ्यावर ऐंशी-नव्वद वर्षांचा गंज. नाना ती टेम्पोत घालून घेऊन आले. त्या वेळी त्यांचा एकुलता एक मुलगा तीस वर्षांचा होता आणि पुण्याला नोकरी करत होता. अक्का दारात उभी राहून म्हणाली, "पोरगं हातचं निघून गेलं, आता यायनं गाडी आनली!"

स्टुलाला पुढं कोणी विचारलं नाही. गाडी मात्र नानांनी खिळा न् खिळा सुटी केली. गंज घासला, आरे सरळ केले, टपासाठी गावातल्या मोच्याकडून जाड कापड शिवून घेतलं. चाकांवरची रबरी धाव कुठंच मिळेना, तेव्हा त्यांनी केळीच्या शेतातली ठिबकची जुनी नळी कापून रिमवर बसवली. ती अशी चपखल बसली, की ठिबक सिंचनाचा शोध मुळात यासाठीच लागला असावा अशी नानांची खात्री झाली. दीड महिन्यानं गाडी उभी राहिली, काळीभोर, तकतकीत, एखाद्या जुन्या संस्थानिकासारखी निरुपयोगी आणि रुबाबदार. मग दुसरी आली, तिसरी आली. धुळ्याच्या भंगार बाजारातला एक दुकानदार त्यांना ओळखू लागला. लांबून नाना दिसले की ओरडायचा, "या नाना, हाई गाडी तुमनासाठेच ठेयेल शे!" आणि चाकं नसलेलं काहीतरी बाहेर ओढायचा. साक्रीकडच्या एका खेड्यात एक म्हातारी चाळीस वर्षं बाबागाडीतून दळण नेत होती. नाना तिच्याकडे तीन खेपा गेले. "मंग दयन काय डोकावर लई जाऊ का?" हा तिचा सवाल बिनतोड होता. नानांनी तिला दोन चाकांची नवी ढकलगाडी स्वतः बनवून दिली, तेव्हा कुठं सौदा झाला. त्या गाडीच्या सांध्यांतून पुढं वर्षभर बाजरीचं पीठ निघत होतं.

अडचण पुढंच होती. नाना फिटर होते. चालवून पाहिल्याशिवाय कोणतीही वस्तू दुरुस्त झाली असं ते मानत नसत. आणि रिकामी गाडी ढकलायची अक्काची सक्त मनाई. "काहीतरी ठेवा तिच्यात, मंग कुठीबी फिरा," असा तोडगा तिनं काढला. सहा-सात महिन्यांच्या मुलाचं वजन साधारण सात किलो, हे नानांनी डॉक्टरांना विचारून घेतलं आणि तेवढी भरताची वांगी घातली. वांगीच का, तर ती गुळगुळीत असतात, नव्या कापडाला ओरखडा पाडत नाहीत, आणि गाडीला हादरे बसले तर सालीवर डाग पडून लगेच कळतं. याला ते चाचणी म्हणत. रोज सकाळी सावद्याच्या रस्त्यानं पांढऱ्या सदऱ्यातले नाना आणि त्यांच्यापुढं मऊ लुगड्यात गुंडाळलेली, टपाच्या सावलीत पहुडलेली वांगी... पहिल्या महिन्यात लोक थांबून वाकून बघायचे. नंतर नुसतं विचारायचे, "काय नाना, पोरगं झोपलं का?" डाग न पडलेली वांगी घरी येऊन भरीत व्हायची आणि गाडी उत्तीर्ण व्हायची. पण अर्धीच, असं नाना म्हणत. "बापू, वांगं ते वांगं. जिवंत लेकरू बसल्याबिगर गाडी पास करता येत नाही."

एवढंच त्यांचं मागणं होतं. बक्षीस नको, बातमी नको. सातांपैकी एका तरी गाडीत एक तरी खरं मूल बसावं, आणि ती गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन यावी. आणि नेमकं तेच होईना. गावात मुलांची टंचाई नव्हती. आया कौतुकानं गाडीला हात लावायच्या, टप वरखाली करून बघायच्या, आणि नाना "ठेवा की जरा" म्हणाले की मूल कडेवर घट्ट धरून दोन पावलं मागं सरकायच्या. कारण अक्कानं एकदा स्पष्टच सांगितलं होतं. "कोनाचं लेकरू बसलं होतं त्यात, ते जगलं का नाही जगलं, आपल्याले काय ठाव? लोकं भेतात, त्याईचं काय चुकलं?" नाना म्हणाले, "अवो, जगलं असीन, म्हातारं होऊन मेलं असीन." "मेलंच ना शेवटी?" अक्का म्हणाली. नानांनी तेलाची बुधली उचलली आणि ते चाकांकडे वळले.

त्यांना प्रसिद्धी मात्र न मागता मिळाली. जळगावात एका मंडळानं जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवलं आणि नानांच्या सर्वांत देखण्या गाडीला प्रवेशद्वारापाशी जागा दिली. उद्घाटनाला एक मोठे पुढारी येणार होते. त्यांचं नाव सांगत नाही, कारण ते त्यांनी इतक्या फलकांवर लिहून ठेवलंय की मी भर घालायची गरज नाही. गाडी रिकामी नेणं शक्य नव्हतं, तेव्हा अक्कानं नेहमीप्रमाणे लुगड्यात वांगी बांधून दिली होती. पुढारी दोन तास उशिरा आले, पंधरा हार घालून घेतले, चष्मा फोटोसाठी काढून खिशात ठेवला आणि गाडीपाशी थांबले. आजूबाजूला कॅमेरे होते. ते वाकले, लुगड्यावरून प्रेमानं हात फिरवला आणि भारदस्त आवाजात म्हणाले, "बाळा, मोठा हो, खान्देशाचं नाव काढ!" टाळ्या झाल्या. त्यांच्या मागं उभ्या असलेल्या कार्यकर्त्यांना कळलं होतं, पण साहेबांना वांगी म्हणून सांगणार कोण? मी नानांकडे पाहिलं. ते हसत नव्हते. गर्दीतून मान काढून ते पुढाऱ्यांच्या हाताखालच्या टपाकडे बघत होते. "टप दाबू नका, साहेब," एवढंच म्हणाले. त्या संध्याकाळी त्या वांग्यांचं भरीत झालं. आशीर्वाद फळाला आला असं म्हणायला हरकत नाही, त्या भरताचं नाव आमच्याकडे अजून निघतं.

पुढं पुण्याच्या मुलाला मुलगा झाला. नानांनी सर्वांत मजबूत गाडी नव्यानं रंगवून तयार ठेवली. नातू आला तो स्वतःच्या गाडीतून. तिला पाण्याची बाटली ठेवायला जागा होती, तीन ठिकाणी पट्टे होते आणि ती उघडायला दोन पदवीधर लागायचे. सून चांगली मुलगी आहे, तिनं नानांची गाडी मनापासून पाहिली, चार फोटो काढले आणि म्हणाली, "बाबा, खूप क्यूट आहे, पण जुना रंग, जंतू..." नानांनी मान डोलावली. जंतूंविषयी फिटरचं मत कोण विचारतं?

आता जे सांगायचं आहे ते मी टाळत आलो आहे. मी धुळ्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. मांजर आडवं गेलं तर मांजराला कुठं जायचं असेल याची चौकशी करणारा माणूस, अशी माझी ख्याती, आणि ती मीच पसरवलेली. अंधश्रद्धेवर मी सावद्यातच एकदा दीड तास बोललो होतो, नाना पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. तर पाच वर्षांपूर्वी माझी मुलगी मुग्धा तिच्या सात महिन्यांच्या लेकीला घेऊन माझ्यासोबत सावद्याला आली. नानांनी मुग्धाला विचारलं नाही. मला विचारलं. बाजूला घेऊन, जरा खालच्या आवाजात, "बापू, तू तं हे मानत नाही..." मी गाडीकडे पाहिलं. खरंच उत्तम गाडी होती. आणि मला अक्काचा तो प्रश्न आठवला, कोणाचं लेकरू, जगलं का नाही जगलं. मी म्हणालो, "रस्ता फार खराब आहे हो, नाना. पुन्हा कधीतरी." नानांनी रस्त्याकडे पाहिलं. त्याच महिन्यात तो नव्यानं डांबरी झाला होता. "हो, खराबच आहे," ते म्हणाले, आणि आत जाऊन वांगी घेऊन आले. पुन्हा त्यांनी मला कधी विचारलं नाही. मीही अंधश्रद्धेवर पुन्हा बोललो नाही, हे त्यातल्या त्यात समाजावर झालेले उपकार.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा सावद्याला गेलो. सव्वा महिना होत आला होता, तरी दुखवट्याला दारावर येणारे येतच होते. मुग्धा सोबत होती, आणि तिचा आठ महिन्यांचा धाकटा मुलगा, ज्याला झोप ही गोष्ट तत्त्वतः मान्य नाही. तो सकाळपासून रडत होता. भेटायला आलेली मंडळी त्याच्या रडण्यात आपले शोकाचे शब्द कुठं घालावेत याची वाट बघत बसली होती. मी उठलो, शेडमध्ये गेलो आणि भुसावळची पहिली गाडी बाहेर काढली. रिकामीच ढकलत आणली. अंगणातली बोलणी थांबली. मी मुग्धापुढं हात केले.

"रस्ता खराब आहे ना, बाबा?" ती म्हणाली. पोरीनं तेव्हा ऐकलं होतं आणि लक्षातही ठेवलं होतं तर.

"रस्ता चांगला होता," मी म्हणालो. "मीच भ्यायलो होतो."

तिनं अक्काकडे पाहिलं. अक्का गाडीच्या चाकांकडे बघत होती. मुग्धानं मूल माझ्या हातात दिलं, मी ते गाडीत बसवलं. तो दचकून गप्प झाला. त्यानं टपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फिरणारं चाक बघायला डावीकडे पार ओणवा झाला. गाडीही त्याच्यासोबत डावीकडे वळली आणि थेट तुळशीवृंदावनाच्या दिशेनं निघाली. मी खेचून सरळ केली. तो पुन्हा कलला, गाडी पुन्हा वळली. सात किलो वांग्यांनी इतकी वर्षं हे कधी दाखवलं नव्हतं. वांगी जिथं ठेवली तिथं पडून राहतात, त्यांना चाक बघायचं नसतं.

"थांब," अक्का म्हणाली. भेटायला आलेल्या बायकांमधून ती गुडघ्यावर हात देत उठली, शेडमध्ये गेली आणि पाना घेऊन आली. नानांच्या कामात तिनं लक्ष घातल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. ती गाडीपाशी खाली बसली, डाव्या पाट्याचा बोल्ट बोटांनी चाचपला आणि दोन फेरे आवळला. मग बोटानं पाटा वाजवून पाहिला आणि अजून अर्धा फेरा.

"मी म्हनत होती त्याईले, लेकरू कलतं म्हनून. डावा पाटा ढिला आहे म्हनून," ती खालूनच म्हणाली. "तं म्हने, तू कोन इंजिनेर?"

दारावर आलेल्यांपैकी कोणी हसावं की नाही ते न कळून खोकलं. अक्कानं पदरानं हाताचं ग्रीस पुसलं, मुलाच्या गालाला बोट लावलं. गालाला थोडं काळं लागलं. नजर लागू नये म्हणून लावतात तसं.

"ने आता कोपऱ्यापर्यंत," ती म्हणाली.

मी गाडी फाटकाबाहेर काढली. मूल डावीकडे कललं, गाडी सरळ चालत राहिली. मागं वळून पाहिलं तर अक्का पाना हातात धरून रस्त्याच्या मधोमध उभी होती आणि एक डोळा मिटून चाकांची ओळ बघत होती. कोपऱ्यावर पोचेपर्यंत मुलगा झोपला होता. इथून परत फिरायचं ठरलं होतं, पण अक्कानं लांबूनच हातानं खूण केली... अजून पुढं ने.