खूण पटलेल्या पेशी

नऊ वर्षं वडील माझ्याशी बोलले नव्हते. ठरलेलं लग्न मोडून मी पुण्याला पीएचडीला गेले, एवढंच कारण. महाडजवळच्या तुडील गावी, घरात माझं नाव काढायचं नाही, असं त्यांनी आईला बजावलं होतं. मग त्यांना हार्ट अटॅक आला. महाडहून मुंबईला नेईपर्यंत उशीर झाला. स्टेंट बसला, पण हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग मेला होता. विहिरीपर्यंत जातानाही त्यांना दोनदा बसावं लागे.

मुलगी मेलेलं हृदय दुरुस्त करण्याच्याच संशोधनात आहे, हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं. त्यांनी स्वतः फोन केला. मी गेले आणि समजावलं: काही पेशींच्या अंगावर एक प्रथिन असतं, त्या खुणेवरून आम्ही मूळपेशी ओळखतो, वेगळ्या काढतो, उंदराच्या जखमी हृदयात सोडतो. तिथे नवा स्नायू धरेल अशी आशा आहे. बकऱ्यांच्या कानाला खूण करतात तसं, ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी मला शेजारी बसवून जेवू घातलं.

हृदय अचानक बंद पडू नये म्हणून डॉक्टरांनी छातीत ठोके सांभाळणारं यंत्र बसवायला सांगितलं होतं. पोरीच्या पेशी येतील, यंत्र कशाला, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

गणपतीच्या आधीच आमचा निकाल उलटला. त्या खुणेच्या पेशींपासून रक्तवाहिन्यांचं अस्तर बनत होतं, स्नायू जवळजवळ नाहीच. मी घरी बोलले नाही. दर रविवारी त्यांचा फोन येई, आणि मला तो हवा होता.

शिमग्याला गेले, तेव्हा काकांसमोर ते म्हणाले, "हिला मी शिकवली, म्हनून आज उपेग झाला."

मी घास ताटात ठेवला. "त्या पेशींनी स्नायू होत नाय, बाबा. मेलं ते मेलं. परत येनार नाय."

त्यांनी ताट बाजूला सारलं.

"कवा कळलं तुला?"

"परवा."

ते उठून आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. मी मागे गेले नाही. जेवण पुरं केलं.

काकांनी त्यांना मुंबईला नेलं. यंत्र बसवायला पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली. त्या तारखेच्या आठ दिवस आधी, सकाळी, ते विहिरीजवळ कोसळले.

बाराव्याला आई म्हणाली, "जरा आदी कळलं असतं तर वाचले असते गो."

मी मान हलवली. कळल्या कळल्या पोरीनं सांगितलं, असं ती अजून शेजारणींना सांगते.