जेवल्याशिवाय पत्ते नाहीत

उपाशी बाईला कात्रीनमावशी पत्ते दाखवत नसे. आमच्या उत्तन गावातली कुणी बाई रडत आली, तरी तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "जेवलीस का गो?" नाही म्हटलं की पुढ्यात तांदळाची भाकरी आणि भाजलेला सुका बोंबील यायचा. ताट रिकामं झाल्यावर मावशी राखेने हात घासायची, मासळीचा वास जाईपर्यंत, आणि मगच पेटीतून पत्ते काढायची.

ते खेळायचे पत्ते नव्हते. तिचा नवरा बोटीवर स्वयंपाकी होता. त्याने ते कुठल्यातरी परदेशी बंदरावरून आणले होते. त्यांवर राजे, राण्या, सूर्य, चंद्र अशी रंगीत चित्रं होती. खालची अक्षरं गावात कुणाला वाचता येत नव्हती. नवरा पुढे घरीच तापाने गेला. फादरांनी पत्त्यांवरून मावशीला दोनदा दम भरला. तिने त्यांनाही विचारलं, "फादर, जेवलात का?"

मी तिच्याकडे गेले ती दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत. माझा नवरा पास्कू मालाच्या बोटीवर होता. चार महिने त्याची खबर नव्हती आणि मी पोटुशी होते. अन्न बघितलं की मला मळमळायचं. मावशीने समोर बसून अख्खी भाकरी खायला लावली, मग चटईवर तीन पत्ते मांडले.

पहिल्यावर गाठोडं घेतलेला माणूस होता आणि कुत्रं त्याच्या पायाला झोंबत होतं. "यो तुझा घोव. घर सोडून चाललाय." दुसऱ्यावर दोन घागरींतून पाणी ओतणारी बाई. "ही तू. दुसरं काय करतेस दिवसभर?" तिसऱ्यावर हातात लांब विळा घेतलेला हाडांचा सापळा होता. मी चटईवरून मागे सरकले.

मावशी त्या पत्त्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "घाबरतेस कशाला? इळा दिसत न्हाय? भातकापणी हाय. घोव कापणीला येल."

"एवढा हाडकुळा?"

"बोटीवरचं जेवण तसंच असतं."

मी हसले. त्या रात्री जेवलेही.

कापणी आली, पास्कू आला नाही. मुलगी झाली. दुसरी कापणी आली. मी मावशीला टोमणा मारला, "मावशी, तुझी कापणी कवा येणार गो?" ती म्हणाली, "पत्त्यात साल लिवलेलं नसतं. तू भात काप." रोज संध्याकाळी मी मुलीला कडेवर घेऊन बंदरावर उभी राहायचे. शिडं दिसली की मोजायचे, जणू तो मासेमारीच्या होडीतून येणार होता.

मग बोटीच्या कंपनीने मुंबईहून कळवलं की बोट बुडाली, कधीच बुडाली होती.

लढाई संपल्यावर शेजारच्या पाली गावचा एक खलाशी परत आला. तो तसल्या पत्त्यांचा देश बघून आला होता. मी त्याच्याकडे माझ्या पत्त्याची गोष्ट काढली, तेव्हा त्याने सांगितलं, विळावाला तो सापळा म्हणजे मरण. तेव्हा मावशी अंथरुणाला खिळली होती. मी पेज घेऊन गेले आणि सरळ विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"व्हतं. माझ्या घोवानंच शिकवलं व्हतं."

"मग खोटं बोललीस."

"खोटं न्हाय गो. पुढं ढकललं." तिला धाप लागली. "तो तापात व्हता तवा पत्ते मांड म्हनाला. ह्योच पत्ता आला. मी खरं सांगितलं. त्या दिसापासून त्यानं जेवण टाकलं. पेज तोंडाशी नेली तरी मान फिरवायचा."

मी तिला पेज भरवली. तिने सगळी संपवली. आठवडाभरात ती गेली.

पत्ते खरे बोलले असं मी म्हणणार नाही. त्या वर्षांत बोटी बुडतच होत्या. मावशीवर मी रागावलेही होते, कारण दोन वर्षं मी एका मेलेल्या माणसाची वाट बघितली. पण त्या दोन वर्षांत मी जेवत होते आणि मुलगी अंगावर पीत होती.

आता इथे भात कुणी लावत नाही, शेतांवर घरं झाली. तरी कापणीची कोरडी हवा सुटली की माझे पाय बंदराकडे वळतात. मूर्खपणा आहे, कळतं मला. निघण्याआधी जेवून घेते.