सांध्यातलं सिमेंट

अड्याळ गावचे डोमा मिस्त्री अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा मुंबईला गेले. मुलगी कामिनी तिथे दवाखान्यात नर्स आहे. तिने हौसेनं समुद्र दाखवला. डोमांनी तो पाच मिनिटं पाहिला आणि विचारलं, "जुन्या दगडी बिल्डिंगा कुठं हायेत?"

जन्मभर त्यांनी चुन्याचं काम केलेलं. तलावाच्या पाळीवरची देवळं, बांधीव विहिरी. चुन्यात गूळ किती, बेलफळाचं पाणी किती, हे बोटांना कळायचं. सिमेंट आलं आणि बोलावणी थांबली.

फोर्टात ते मान वर करून दोन तास फिरले. कमानी, दगडात कोरलेली पानं. एका खांबापाशी तर थबकलेच. "कामिनी, हा सांधा पाह्य. नख जात नाही याच्यात!"

पुढच्या इमारतीला परांची बांधलेली होती. वर दोन कामगार सांध्यातला जुना चुना मशीननं कोरून सिमेंट भरत होते. डोमा खालून ओरडले, "अरे थांबा! काय करून राहिले?"

हेल्मेट घातलेला सुपरवायझर आला. "काका, दुरुस्ती चालू आहे. पुढे व्हा."

"याले दुरुस्ती म्हणता? चुना पाणी बाहेर सोडते. सिमेंटानं पाणी आतच कोंडन, मंग दगड फुटन!"

"टेंडरमध्ये सिमेंटच आहे. तुम्ही इंजिनिअर आहात का?"

डोमा इमारतीच्या कोपऱ्यापर्यंत गेले. तिथल्या सांध्यांत आधीच्या वर्षीच सिमेंट भरलं होतं. त्यांनी पिवळसर दगडावर तळवा फिरवला, तर पापुद्रे सुटून हातात आले. ते त्यांनी आणून सुपरवायझरच्या हातावर ठेवले. "हे तुमचं टेंडर."

सुपरवायझरने खूण केली तसा तिथल्या गार्डनं डोमांचा दंड धरला. कामिनी मध्ये पडली. "हात सोडा त्यांचा! चोरी केली का त्यांनी?"

रस्ता ओलांडल्यावर मात्र ती बापावरच चिडली. "बाबा, तुमी फिराले आले का भांडाले?"

"पाह्याले आलो ना. मंग दिसलं तं बोलू नोको?" ते मागे वळून इमारतीकडे बोट दाखवत म्हणाले, "शंभर वर्षं टिकलं ते. कोन्या मिस्त्रीनं जीव लावून केलं असन. अन् हे लोक पगार घेऊन खराब करून राहिले."

त्या दिवशी त्यांनी पुढे काहीच पाहिलं नाही. घरी येऊन कामिनीकडून महापालिकेला तक्रार लिहून घेतली, पापुद्र्यांचा फोटोही जोडायला लावला.

अडीच महिन्यांनी उत्तर आलं. कामिनीने ते अड्याळला परतलेल्या डोमांना फोनवर वाचून दाखवलं : आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.

"काम थांबवलं का?"

"नाही बाबा. परवाच तिकडून गेली मी. समोरची पूर्ण भिंत झाली."

डोमा म्हणाले, "कागद घे. यावेळी साहेबाचं नाव विचारून लिवू. नोंद कोनं घेतली, मले नाव पायजे."