तानूबाईंनी घातलेली तारीख

आमच्या ख्रिस्ती मंडळीला या वर्षी पंचवीस वर्षं पूर्ण झाली, म्हणून स्मरणिका निघतेय. पाळकसाहेब मला म्हणाले, "पगारे, आपल्यातल्या एखाद्या साध्या, आज्ञाधारक माणसावर दोन पानं लिहा." हे ते उपासना संपल्यावर सगळ्यांसमोर बोलले. लगेच अर्ध्या मंडळीने नम्रपणे माना खाली घातल्या आणि त्या खाली घातलेल्या मानांनीच माझ्याकडे चोरून बघायला सुरुवात केली.

तसं बघायला गेलं तर सिल्वासात देवाच्या आज्ञा पाळणं फार अवघड नाही. खून करू नये, ही तर आम्ही सगळेच बिनचूक पाळतो. बारा तासांच्या शिफ्टनंतर तेवढी ताकद उरते कुणाला? शेजाऱ्याच्या बैलाचा लोभ धरू नये, हीही पाळतो, कारण शेजाऱ्याकडे बैल नाही, आणि बुलेटबद्दल कुठे काही लिहिलेलं नाही. दारूचा दहा आज्ञांत उल्लेखच नाही, त्यामुळे त्या बाबतीत आमची मंडळी निर्धास्त आहे. तेवढा पवित्र दिवस पाळणं जड जातं, कारण रविवारच्या ओव्हरटाइमला दुप्पट दर असतो. त्यावर पाळकसाहेबांनी तोडगा काढला: उपासना पहाटे सहाला, आशीर्वाद पावणेसातला, शिफ्ट सातला. तेव्हापासून आमच्याकडे देव आणि कंपनी यांच्यात वाद झालेला नाही.

मी समाधान पगारे, मूळचा मनमाडचा. सायलीतल्या एका कारखान्यात बाटल्यांची बुचं बनतात, तिथे ऑफिसात आहे. रजिस्टरं माझ्या ताब्यात असतात. मंडळीचा सेक्रेटरीही मीच, आणि रविवारी दुपारी टाइल्सच्या दुकानावरच्या आमच्या हॉलमध्ये ओव्हरटाइम नसलेल्या बायकांचा लिहिण्यावाचण्याचा वर्गही मीच घेतो. गिरवायला दहा आज्ञा देतो. अक्षर सुधारतं आणि माणूसही, असं मी अहवालात दर वर्षी लिहितो.

तानूबाई याच वर्गातल्या. धरणाकाठच्या दुधनी गावच्या. वय आधार कार्डाने पंचेचाळीस ठरवलंय, त्यांनी त्याला हरकत घेतलेली नाही. नवरा बारकू धरणात मासे धरतो. त्या आमच्याच कारखान्यात पॅकिंगला आहेत, सात वर्षं. ही सात वर्षं कागदावर मात्र कुठेच नाहीत. ठेकेदार दर अकरा महिन्यांनी 'ब्रेक' देतो, म्हणजे महिनाभर घरी बसवतो आणि मग नव्याने कामावर घेतो. असं केलं की माणूस कायम नवा राहतो. तानूबाई सात वेळा नव्या झाल्या आहेत.

या वर्षी मात्र कंपनीने पॅकिंगमधल्या सहा बायकांना ठेकेदाराकडून काढून स्वतःच्या रोलवर घ्यायचं ठरवलं. रोलवर आलं की ब्रेक बंद, पगारी रजा सुरू, आणि दुधनीच्या रस्त्यावरून कंपनीची बस. यादी मीच टाइप केली होती. तिसरं नाव तानूबाईंचं होतं. आठवा ब्रेक एक डिसेंबरपासून लागणार होता आणि यादी त्याआधी लागणार होती. हे त्यांना मी सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर पानात बांधलेले सुके मासे आले. अख्खं ऑफिस दिवसभर दरवळत होतं.

आता ऑडिटविषयी. परदेशी गिऱ्हाइकाच्या वतीने वर्षातून एकदा सुरतेहून कल्पेशभाई येतात आणि आमचा कारखाना सुरक्षित आहे का ते बघतात. कारखाना सुरक्षित आहे की नाही हे रजिस्टरवरून कळतं. म्हणून ऑडिटच्या आधी आम्ही आठवडाभर रजिस्टरं भरतो. ज्या दिवशी जे झालं नाही, ते त्या दिवशी झालं असं लिहितो. आगीच्या ड्रिलचंही तसंच. बारा नोव्हेंबरला ड्रिल झाली, असं आम्ही पंचवीस नोव्हेंबरला ठरवलं. बासष्ट नावं छापली, समोर सहीचे चौकोन. पहिली सही माझी, कारण सुरक्षा समितीचा सेक्रेटरी मी. सेक्रेटरी व्हायला मला फार आवडतं, हे एव्हाना लक्षात आलं असेल.

एकसष्ट सह्या जेवणाच्या सुट्टीत झाल्या. लोक एका हाताने भाकरी खात होते आणि दुसऱ्या हाताने आगीतून सुखरूप बाहेर पडत होते. तानूबाईंनी मात्र रजिस्टर पुढे ओढलं, बोट ठेवून वरची ओळ वाचली आणि पेन खाली ठेवलं.

"बारा तारखेला मी व्हते ना मास्तर," त्या म्हणाल्या. "दिसभर बुचंच भरली. ड्रिल कंदी झाली?"

त्यांना वाचायला शिकवल्याचा मला त्या क्षणी पहिल्यांदा पश्चात्ताप झाला.

आमचे मॅनेजर हृषीकेश सर पुण्याचे. ते आरडाओरडा करत नाहीत, ते समजावून सांगायला माणूस पाठवतात. "पगारे, तुमच्याच चर्चमधल्या आहेत ना त्या? मग बघा जरा. एक चौकोन रिकामा दिसला तर कल्पेशभाई नेमकं तिथेच बोट ठेवतील. आणि त्या रोलच्या यादीत आहेत, हेही त्यांच्या कानावर घाला." ते कानावर घातलं. मग मी माझं ठेवणीतलं अस्त्र काढलं.

"तानूबाई, नववी आज्ञा काय आहे? शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष द्यायची नाही. शेजाऱ्याविरुद्ध! नीट बघा. इथे शेजारी कोण आहे? रजिस्टर आहे. रजिस्टर काही आपला शेजारी नाही. कुणाचं नुकसान नाही, कुणाविरुद्ध काही नाही. मग ही साक्ष त्या आज्ञेत बसतच नाही." हा मुद्दा मला तिथल्या तिथे सुचला होता आणि मी स्वतःवरच बेहद्द खूश झालो. पाळकसाहेबांनाही कधी इतकं बारीक सुचलं नसतं.

तानूबाईंनी थोडा विचार केला. "आग लागली आन दार नाय सापडलं, त मरल कोण मास्तर? सोनी मरल. ती माझ्या बाजूलाच बसते."

सोनी म्हणजे पॅकिंगच्या टेबलावर त्यांच्या डाव्या हाताला बसणारी बाई. मी पाळकसाहेबांना फोन लावला. पाळकसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. कंपनीने हॉलला पाण्याचा कूलर देणार म्हणून सांगितलं होतं, त्याचं काय झालं, असं विचारलं, आणि मग म्हणाले, बहिणीने अधिकाऱ्यांच्या अधीन राहावं. हा निरोप मी पोचवला. तानूबाई म्हणाल्या, "राहते ना अधीन. ड्रिल करा, लगेच सही करते."

शेवटी हृषीकेश सरांनी हिशोब केला, की एका बाईशी तीन दिवस वाद घालण्यापेक्षा दहा मिनिटं ड्रिल केलेली परवडते. सत्तावीस नोव्हेंबरला, ऑडिटच्या आदल्या दिवशी, सकाळी अकरा वाजता आमच्या कारखान्याच्या इतिहासातली पहिली ड्रिल झाली. सायरन वाजला नाही, म्हणून वॉचमन "आग, आग" असं ओरडला. तो इतक्या संकोचाने ओरडला की लोकांना वाटलं तो विडीला काडी मागतोय. मग बासष्ट माणसं रांगेने मागच्या दाराकडे गेली. दारापुढे पुठ्ठ्याच्या खोक्यांची थप्पी होती. ती हलवल्यावर कुलूप निघालं. कुलपाची किल्ली स्टोअरवाल्याकडे होती आणि स्टोअरवाला नरोलीला चहा प्यायला गेला होता. आम्ही सगळे त्या बंद दारासमोर अकरा मिनिटं उभे होतो. हृषीकेश सर बाहेर पडण्याच्या मार्गाच्या नकाशाने वारा घेत होते. रजिस्टरमध्ये वरची बारा तारीख तशीच ठेवून वेळ लिहिली: दोन मिनिटं चाळीस सेकंद.

त्या दिवसापासून त्या दारापुढे खोकी नाहीत आणि किल्ली दाराशेजारी खिळ्याला लटकते. त्याबद्दल कुणी तानूबाईंचे आभार मानल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

दार उघडल्यावर तानूबाईंनी आनंदाने सही केली. ठरल्याप्रमाणे. मी रजिस्टर मिटलं आणि कपाटात ठेवलं. सहीकडे मी नीट बघितलंच नाही, चूक झाली ती तिथे. वर्गात मी बायकांना पहिल्या दिवसापासून घोकून घेतलंय: सही केली की तिच्याखाली त्या दिवसाची तारीख घालायची, तारखेशिवायची सही म्हणजे कुणीही फसवायला मोकळं. तानूबाईंनी चौकोनात नाव लिहिलं होतं आणि त्याखाली, एवढ्याशा जागेत, अगदी नीटस अंकांत: २७/११.

कल्पेशभाईंना ते शुक्रवारी अर्ध्या मिनिटात सापडलं. त्यांनी तानूबाईंना ऑफिसात बोलावलं. खोलीत ते, हृषीकेश सर, मी आणि त्या, एवढेच होतो.

"बहन, ड्रिल कब हुआ था?"

"काल," तानूबाई म्हणाल्या.

कल्पेशभाईंनी पानाच्या वरच्या बारा तारखेवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. पहिली सही माझी होती. हृषीकेश सरांनीही माझ्याकडे बघितलं. मी हसलो. माझं ते हसू मला अजून आठवतं. मी म्हणालो, "सर, ये अभी अभी लिखना सीखी है। मैं ही सिखाता हूँ। इसको तारीख समझती नहीं, कल-परसों सब एक ही है।"

कल्पेशभाईही हसले. त्यांनी वहीत काहीतरी टिपलं आणि मला आपलं कार्ड दिलं. तानूबाईंनी रजिस्टरकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या बाहेर गेल्या आणि बुचं भरायला बसल्या.

ऑडिट उत्तम गुणांनी पास झालं. शनिवारी रोलची यादी लागली. त्यात पाच नावं होती. ऑडिटच्या शेऱ्यात लिहिलं होतं की एका कामगाराला साधी तारीखही लिहिता येत नाही, तेव्हा अशा बाईला रोलवर घेणं बरं दिसलं नसतं. यादी पुन्हा टाइप मीच केली. ठेकेदाराने तानूबाईंना सांगितलं, सोमवारपासून ब्रेक.

काल रविवार होता. पहाटेच्या उपासनेत पाळकसाहेबांनी स्मरणिकेची आठवण केली. दुपारी मी वर्गाला गेलो. मला वाटलं, आज तानूबाई येणार नाहीत. मनापासून सांगायचं तर मी तशी प्रार्थनाही केली होती. त्या सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या. वही उघडून ठेवली होती. पानभर एकच गोष्ट लिहिलेली होती, पंचवीस-तीस वेळा: २७/११, २७/११, २७/११.

"मास्तर, तुम्ही सायबाला बोलले माझी तारीख चुकली," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "मी घरी लय येळा लिवून बघितली. कुठं चुकली ते नाय समजत. दाखवा ना."

त्यांना खरंच वाटत होतं, की आपलंच काहीतरी चुकलं. मास्तर खोटं बोलतील हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. सात वर्षांनी हाताशी आलेली कायमची नोकरी गेली होती आणि ही बाई अंक सुधारायला आली होती. मी वही हातात घेतली. लाल पेन खिशात होतं. मला माझी लाज वाटली, इतकी, की वर बघवेना. रजिस्टर हा शेजारी नाही, असं मी त्यांना बजावून सांगितलं होतं, आणि तीन दिवसांत शेजारी शोधून काढून त्याच्याविरुद्ध साक्षही दिली होती. आज्ञा इतकी शब्दशः मोडलेला माणूस आमच्या मंडळीत दुसरा नसेल.

"बरोबर आहे तारीख," मी म्हणालो. "चुकलेली नाही."

"नाय चुकली?"

"नाही. मी खोटं बोललो."

त्यांनी वही परत घेतली आणि तारखेवरून एकदा बोट फिरवलं. मग शेजारणीकडे मीठ मागावं तितक्या सहज म्हणाल्या, "मंग त्या सायबाला सांगा."

मी म्हणालो, ते सुरतेला गेले. त्यांनी विचारलं, त्यांच्याकडे फोन नाय? मी म्हणालो, रिपोर्ट गेलाय, आता बदलत नाही. त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. मी म्हणालो, माझी नोकरी जाईल. त्यावर त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं होतं, नोकरी कशी जाते हे त्यांना आदल्याच दिवशी कळलं होतं. पण त्या उठल्या नाहीत. बाकीच्या बायकाही आता वह्या मिटून माझ्याकडे बघत होत्या, आणि भिंतीवर लॅमिनेट केलेल्या दहाच्या दहा आज्ञा लटकत होत्या.

मी पाकिटातून कार्ड काढलं आणि नंबर लावला. आयुष्यात पहिल्यांदा मला मनापासून वाटलं, की माणसाने रविवार पाळावा, फोन उचलू नये, विसावा घ्यावा. कल्पेशभाईंनी दुसऱ्याच रिंगला उचलला.

मी माझं नाव सांगितलं. मग तारीख सांगितली.