कुडव्यातली जपानी बाई

डॅशबोर्ड उघडून पुन्हा बसवला की एखादा स्क्रू हातात उरतोच. कुठला ते आठवत नाही, आणि फेकवतही नाही. किस्स्यांचंही तसंच साचत जातं. कुडव्यात माझं कार डेकोरचं दुकान आहे. सीट कव्हर, हॉर्न, डेक, स्पीकर. तिथले निम्मे किस्से देवरामभाऊंचे. वायरिंग मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. पुढे दुकान मी टाकलं आणि ते माझ्याकडे कामाला आले. तरी उस्ताद तेच!

*

दोन हजार पाचच्या आसपास आमगावच्या एका राईस मिलवाल्या शेठनी मुंबईहून जुनी जपानी गाडी आणली. चावी फिरवली की डॅशबोर्डवरच्या स्क्रीनमधून एक बाई गोड आवाजात काहीतरी बोलायची. जपानीत!

"काय म्हणून राहिली हे?" शेठनी विचारलं.

देवरामभाऊंनी स्क्रीनला कान लावला. तीनदा चावी फिरवायला लावली. मग गंभीरपणे म्हणाले, "नमस्कार करून राहिली."

तेव्हापासून शेठचे म्हातारे वडील गाडीत बसले की स्क्रीनला हात जोडायचे. वर्षभर! शेवटी शेठनी गाडी विकणाऱ्यालाच फोन लावला. तो हसत सुटला. "अहो, ती म्हणते टोलचं कार्ड टाका!"

वडिलांना हे सांगायची कोणाची हिंमत झाली नाही. ते गेले तोवर हात जोडतच होते.

*

त्याच गाडीतला नकाशा. एका दुपारी शेठचा फोन.

"सडक अर्जुनीत उभा आहो भाऊ. इकडं ट्रक, तिकडं ढाबा. अन् स्क्रीनवर कोरं! बाण आहे, पण रस्ता नाही, गाव नाही, काहीच नाही!"

आत नकाशाची डिस्क जपानची. आपला देशच तिच्यात नव्हता. मी देवरामभाऊंना जवळ जाऊन सांगितलं. ते वायर सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "मंग बरोबरच दाखवते. आपल्याले तिथं कोण ओळखते?"

*

जपानी रेडिओचा एफएम नव्वदपर्यंतच जातो. आपली स्टेशनं त्याच्या पुढं. एरियल आणि रेडिओच्या मध्ये एक छोटी डबी जोडली की ती स्टेशनं खालच्या आकड्यांवर ऐकू येतात. देवरामभाऊंनी ती जोडली, रेडिओ लावला आणि अंगठा वर केला.

आतून नुसती खरखर येत होती. तळणीत पाणी पडल्यासारखी!

"भाऊ, खरखरते हे."

"तुह्या कानात मळ आहे," ते म्हणाले आणि हत्यारं आवरायला लागले.

उस्तादाशी वाद कोण घालणार? ते चहाला गेल्यावर मी गुपचूप डबी काढून पुन्हा जोडली. तेव्हाही मला कळलं नाही.

*

कळलं ते डॉक्टरसाहेबांच्या गाडीवर. त्यांचीही जपानी. तिची बॅटरी काढली की स्क्रीनला कुलूप लागणार आणि ती जपानीत कोड मागणार. कोड कोणाकडेच नव्हता. देवरामभाऊंनी बॉनेट उघडून बॅटरीच्या तारेला पाना लावला.

"थांबा!" मी ओरडलो.

पाना फिरत होता.

"भाऊ, थांबा!!" डॉक्टरही ओरडले. समोरचा पानठेलेवाला वळून पाहू लागला. देवरामभाऊंनी तार शांतपणे काढून बाजूला ठेवली, हात पुसले आणि आमच्याकडे पाहून हसले.

डॉक्टर नको ते बोलले. देवरामभाऊ हसतच होते. मग माझा चेहरा पाहून हसू थांबलं.

गाडी गेल्यावर मी त्यांच्यासमोर उभा राहून मोठ्यानं विचारलं, "कधीपासून?"

"दोन-तीन वर्षं झाली."

"मले काऊन नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर स्पीकरच्या दुकानात बहिऱ्याले ठेवलं असतं का तू?"

मी "हो" म्हणायला हवं होतं, लगेच. मला थोडा वेळ लागला. आणि ऐकू येत नसलं तरी तेवढं त्यांना बरोबर समजलं.

*

मग आम्ही वाटणी केली. जोडायचं त्यांनी, ऐकायचं मी. मी गिऱ्हाइकाच्या मागे उभा राहून मान हलवायचो, ते त्याप्रमाणे बटण फिरवायचे. कोणाला पत्ता लागला नाही.

एकदा शेठ कौतुकानं म्हणाले, "देवरामसारखा कान पूर्‍या जिल्ह्यात नाही!"

देवरामभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. काय म्हणाले, असं डोळ्यांनी विचारलं.

मी खुणेनं सांगितलं, चांगलं म्हणाले.

*

सात-आठ वर्षं तसंच चाललं. मग त्यांना काहीच ऐकू येईना आणि मुलगी त्यांना आपल्या गावी घेऊन चालली. जायच्या दिवशी सकाळी ते दुकानात आले. एक जपानी गाडी उभी होती, एसी तपासायला इंजिन चालू ठेवलेलं, दारं थरथरत होती. नवा डेक मी नुसता खाचेत बसवला होता. मागच्या तारा सगळ्या लोंबकळत होत्या, एकही जोडलेली नव्हती.

देवरामभाऊ न विचारता पुढच्या सीटवर बसले. दार ओढून घेतलं. स्पीकर असतो तिथं, दाराच्या आतल्या अंगाला, तळवा टेकवला आणि डोळे मिटले. हळूहळू त्यांची बोटं हलायला लागली. ताल धरल्यासारखी. मानही डुलली. त्यांची मुलगी बाहेर उभी राहून पाहत होती.

"थोडा वाढव," ते म्हणाले.

मी बंद डेकचं बटण उजवीकडे फिरवलं.

"बस. आता बरोबर आहे."