सर्वांत मागची सीट

आमचे हे गेल्यावर जुनी गाडी विकली आणि नवी बघायला मी एकटीच शोरूममध्ये गेले. लहान एसयूव्ही घ्यावी की सात जणांची मोठी, हे ठरत नव्हतं. मुलगी कॅनडाहून फोनवर म्हणाली होती, "मोठीच घे आई, आम्ही आलो की सगळे एकत्र फिरू." तिचं येणं दोन-तीन वर्षांतून एकदा होतं.

मोठ्या गाडीत डोकावले, तर सर्वांत मागच्या सीटवर एक आजी बसल्या होत्या. त्यांना तिथे बसवून घरचे सगळे पलीकडे रंग बघायला गेले होते. मधली सीट दुमडल्याशिवाय आजींना उतरता येत नव्हतं.

"हाक मारू का त्यांना?" मी विचारलं.

"मारली मी. इथून बोललेलं पुढे ऐकू जात नाही," त्या हसत म्हणाल्या.

मी सीट दुमडून हात दिला. खाली उतरल्यावरही त्यांनी तो लगेच सोडला नाही.

"तुमच्याकडे मागे कोण बसणार?"

मी मागच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. आपण जवळ नसलेल्या माणसांसाठी जागा राखून ठेवतो, आणि जवळच्या माणसाला जागा देऊन विसरूनही जातो. तेवढ्यात त्यांची सून आली, "अहो आई, चला ना," म्हणत त्यांना घेऊन गेली. हाताला त्यांची ऊब थोडा वेळ राहिली.

"मॅडम, घरात किती जण?" सेल्समनने विचारलं.

"मी एकटीच," मी म्हणाले. हे गेल्यापासून हे शब्द मी पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारत होते. "लहान गाडी दाखवा."