ओटीतल्या पीसची स्क्रंची

मृण्मयीची स्क्रंची तयार झाली. सुबक झाली. आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण रविवारी जेवून मी शिलाई मशीनवर डोकं टेकवतो तेव्हा ती मुळीच झालेली नाही.

स्क्रंची म्हणजे चुण्यांत लपवलेलं इलॅस्टिक, केस बांधायला. मी पट्टी कापलीय, उलटी शिवलीय, सुलटी केलीय, टूथब्रशच्या दांडीने परकराच्या नाडीसारखं इलॅस्टिक ओवलंय, आणि त्याचं मागचं टोकही आत गेलंय. आता दांडी बाहेर आहे, इलॅस्टिक सापडत नाही.

कापड हेमा आत्याच्या कपाटातलं. तिच्या आजारपणात ओटीत आलेला शेवटचा ब्लाउजपीस. आत्या गेल्यापासून तिची मुलगी मृण्मयी केस बांधतच नाही. वेणी आत्याच घालायची. उद्या तिच्या नोकरीचा पहिला दिवस. काल स्वतःहून पीस घेऊन आली.

"याचं केसांना काहीतरी कर. बिघडवलंस तर दुसरा नाहीये."

डोळे मिटतात. मशीन चालू होतं. पायडलवर आत्याचे पाय आहेत.

"ऊठ, ध्याना. लाळ गळतेय कापडावर."

"आत्या, तू गेलीस ना?"

"गेले की. म्हणून शिवायचं विसरले?"

मुद्दा बिनतोड आहे. मी सरकून जागा देतो.

"इलॅस्टिक कुठंय?"

"आत."

"चल मग."

आम्ही शिवलेल्या पट्टीच्या नळीत शिरतो. आत आमच्या बिल्डिंगचा जिना आहे, फक्त भिंतींना धागे लोंबतायत. पहिल्या मजल्यावर बँक. बायका टोकन घेऊन बसल्यात, प्रत्येकीच्या मांडीवर घडी न मोडलेला पीस.

"हे काय?"

"आमच्याकडचं हळदीकुंकू."

"इथेही पीसच देतात?"

"तेच. खाली फिरून फिरून दमलेले. तू कापलेला मला साठेबाईंनी दिला. त्यांना तुझ्या आईने, आणि तिला मीच. कुणी शिवला नाही."

"मग मी घोटाळा केला?"

"तू कापलास. आता कुठे तो कुणाचा तरी झाला."

बँकेतून गच्चीत येतो. इलॅस्टिक कपडे वाळत घालायच्या दोरीच्या जागी ताणलंय. आत्या ते सोडवते.

"केस कसेत तिचे?"

"मोकळे. आमच्या वरणात असतात."

"डाव्या बाजूला गुंता होतो. आधी खालून सोडवायचा, मग वर. सांगशील?"

"कंगव्याने मारेल ती मला."

"खा मार."

गच्चीवर बसून ती इलॅस्टिकला गाठ मारते, नळीचं तोंड शिवते. "गाठ माझी, शिवण तुझी. म्हणून वाकडी." मग कमरेच्या पिशवीतून करंडा काढते, चुणीवर हळदीचं बोट टेकवते, शेजारी कुंकवाचं. "देताना लावायचं असतं."

"सकाळी तूच ये ना. वेणी तूच घाल."

आत्या हातातल्या टोकनाकडे बघते. खालून बँकेची घंटा वाजते.

"माझा नंबर आला," ती म्हणते, आणि जिना उतरायला लागते. नेहमीसारखी, कठड्याला हात न लावता.

जाग येते. गालावर मशीनच्या पट्टीचा ठसा. हातात स्क्रंची, पूर्ण. चुणीत हळदीचा ठिपका, शेजारी कुंकवाचा. बोट फिरवलं तर बोटाला लागतो.

आई म्हणते, झोपेत तूच शिवली असशील. जागेपणी मला हे जमत नाही, हे तिला मान्य आहे.

संध्याकाळी मृण्मयी येते. ठिपक्यांकडे बघते. स्क्रंची मनगटात घालते. मी डावीकडच्या गुंत्याचं सांगतो. ती मारत नाही. हे जास्त वाईट.

"हे आईच म्हणायची," ती म्हणते. "पण मला माझं मागचं दिसत नाही ना. वेणी घालणार कोण?"

सबब, संबंधित कार्यालयास नम्र विनंती, की श्रीमती हेमा यांना उद्या सकाळी वेणी घालण्याच्या कामी थोडा वेळ मोकळे करावे. कंगवा आम्ही पुरवू. काम झाल्यावर त्यांना परत पाठवण्याची हमी मात्र देता येणार नाही.